काटेकाकांचे तीन रिपोर्ट

बाजारात कुणाचाही काटा खोटं बोलायला लागला की तो उचलून काटेकाकांच्या दुकानात आणून टाकायचे. भाजीवाल्याचा लोंबता तराजू असो, सोनाराचा काचेच्या पेटीतला लाजाळू काटा असो, नाहीतर गोदामातलं पोती तोलायचं लोखंडी धूड असो, काका आधी त्याच्यासमोर स्टूल ओढून नुसते बसायचे. बसून झालं की म्हणायचे, "याचा स्वभाव वाईट नाही. हा कुणीतरी आपटलाय." आपटणारा समोरच उभा असायचा, तो मान खाली घालायचा. काकांचं खरं आडनाव पोस्टमन सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

दुकानात मागच्या फळीवर एक लाकडी पेटी होती. तिला ते 'खऱ्यांची पेटी' म्हणत. आत मखमलीच्या खाचांत पितळी वजनं, ग्रॅमापासून पाच किलोपर्यंत, चढत्या भाजणीनं बसलेली. दुसऱ्यांचे काटे तपासायचे ते या वजनांवर. तीस वर्षांत काकांनी त्यांना उघडा हात लावला नव्हता. लहानाला चिमटा, मोठ्याला मऊ फडकं. "घामाचं बोट लागलं तरी वजन फिरतं," ते म्हणायचे. "जग खोटं निघालं तर निघू दे. ही पेटी खोटी निघाली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

आणि त्यांचा एक नेम होता. एका काट्याचं कधी ऐकायचं नाही. तोच माल दुसऱ्यावर टाकायचा, मग तिसऱ्यावर. तिघांचं जमलं तर ठीक. नाही जमलं तर खऱ्यांच्या पेटीतलं वजन टाकून बघायचं, त्यात लबाड कोण ते लगेच कळतं. या नेमावर त्यांचा संसार उभा राहिला, आणि याच नेमानं त्यांच्यावर जवळजवळ दोन आठवडे वेड लागायची पाळी आणली.

सोमवारी सकाळी जावयाचा फोन आला. लेक बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी खुशाल. जावई बोटीवर कामाला, त्याला लवकरच निघावं लागणार होतं. म्हणून पुढच्याच्या पुढच्या रविवारी लेक बाळाला घेऊन आईबापाकडे दोन महिने राहायला येणार, असं ठरलं. काका तडक दुकानात गेले आणि कोपऱ्यातल्या काट्यावरचं फडकं काढलं. तान्ह्या बाळाचा काटा होता तो, दवाखान्याच्या भंगारातून आणलेला. महिनाभर खपून काकांनी त्याचं ताट आरशासारखं केलं होतं. लेक जन्मली तेव्हा दोन किलो तीनशे पन्नास भरली होती, चिमणीएवढी. दर सोमवारी तिला किराणेवाल्याच्या काट्यावर ठेवून ठेवून काकांनी ती वाढवली. दुधानं कमी आणि नजरेनं जास्त, असं त्यांची बायको म्हणायची.

त्याच दुपारी पोस्टमननं पाकीट आणून दिलं. रक्तपेढीचं.

काका वर्षातून दोनदा रक्त द्यायचे. सतरा वेळा दिलं होतं, सतरा बिल्ले दुकानात एका खिळ्याला ओवलेले होते. अठराव्या वेळचं हे पत्र. त्यात लिहिलं होतं की या वर्षापासून आम्ही एक तपासणी वाढवली आहे, आणि आपल्या रक्तात 'हिपॅटायटिस बी, कोअर अँटीबॉडी : रिअ‍ॅक्टिव्ह' असं आलं आहे. आपलं रक्त वापरलेलं नाही. यापुढे रक्त देऊ नये. याचा अर्थ आपण आजारी आहात असा होतोच असं नाही, तरी डॉक्टरांना भेटावं.

काकांनी डोळ्याला भिंग लावून पत्र तीनदा वाचलं. शेवटच्या वाक्यावर त्यांचा सगळ्यांत कमी विश्वास बसला. ज्याचा माल चांगला असतो तो 'आमचा माल वाईट नाही' अशी पाटी लावत नाही.

डॉक्टरकडे जायचं त्यांच्या मनात आलंच नाही. एका काट्याचं ऐकून कुणी निर्णय घेतं का? ते पुलाच्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये गेले.

"कुठली टेस्ट?" खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

"हिपॅटायटिस बी."

"उपाशी आहात का?"

"कालपासून घशाखाली काही उतरलं नाही."

"नाही, लागत नाही उपाशी. सवयीनं विचारते मी."

दुसऱ्या दिवशी कागद मिळाला. 'सरफेस अँटिजेन : निगेटिव्ह.' काकांचा जीव भांड्यात पडला. घरी जाऊन त्यांनी दोन घास जास्त खाल्ले, बायकोची उगाच थट्टा केली. पण सकाळी दाढी करताना हात थांबला. एक म्हणतो आहे, एक म्हणतो नाही. म्हणजे दोघांतला एक खोटारडा. कोणता?

मग बसस्टँडजवळची लॅब. या वेळी काका जाणत्या माणसासारखे म्हणाले, "अँटीबॉडी बघायची आहे, हिपॅटायटिस बीची."

"सरफेस ना?" आतला माणूस म्हणाला.

"हो हो, सरफेस." कोअर काय, सरफेस काय, याचा त्यांनी विचारच केला नाही. वरचं असो की आतलं, रक्त तर एकच.

शनिवारी तिसरा कागद आला. 'सरफेस अँटीबॉडी : पॉझिटिव्ह. ८४.' खाली बारीक अक्षरात, दहा आणि त्यावर असल्यास पॉझिटिव्ह. काका तिथल्याच बाकावर बसले. दहाला पॉझिटिव्ह, मग चौऱ्याऐंशी म्हणजे माणूस गळ्यापर्यंत बुडालेला. समोरच्या भिंतीवर तक्ता होता: हा रोग रक्तातून पसरतो, एकमेकांचे रेझर वापरल्यानं पसरतो, आईकडून बाळाला होतो. कशानं पसरत नाही ते तक्त्याच्या खालच्या अर्ध्या भागात होतं, आणि त्यावर कुणीतरी कॅलेंडर टांगलं होतं. काकांनी जेवढं दिसलं तेवढं वाचलं. बाळाला होतो.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी घरून एक ताट, एक पेला, एक टॉवेल आणि एक चादर उचलली.

"हे काय नवीन?" बायको दारात आडवी उभी राहिली.

"तातडीचं काम आलंय. गोदामातला मोठा काटा. दुकानातच राहतो चार दिवस."

"काट्याशेजारी झोपल्यानं तो लवकर बरा होतो का?"

"अगं, तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं, बरोबर. लेक येतेय तान्ह्या बाळाला घेऊन, घरात पडदे बदलायचे, पाळण्याचा दोर बघायचा, आणि माझा नवरा ताट घेऊन चाललाय. दुसरं घर केलं असेल तर सांगा, मीही येते बघायला. निदान तिथले पडदे कसे आहेत ते तरी बघीन."

काका हसले नाहीत, तेव्हा तिनं बाजूला होऊन वाट दिली. पण त्यांच्या पाठीकडे ती बराच वेळ बघत राहिली.

दुकानात काकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. स्टूलवर बसले की उठायचे, उठले की बसायचे. सोनाराच्या काट्याचा एक स्क्रू दिवसभरात चार वेळा काढला आणि चार वेळा लावला. खिळ्यावरचे सतरा बिल्ले वाऱ्यानं वाजले की दचकायचे. सतरा माणसांच्या अंगात आपण काय ओतलं असेल कोण जाणे. त्यांनी ते बिल्ले काढून खणात टाकले. तान्ह्या बाळाच्या काट्यावर पुन्हा फडकं घातलं. त्या ताटाला गेला महिनाभर आपलेच हात लागलेत, या विचारानं ते फडकं काढून त्यांनी ताट गरम पाण्यानं धुतलं, पुसलं, आणि पुसणारा हातही आपलाच, म्हणून पुन्हा धुतलं.

दोन दिवस असे गेले. मग त्यांना आपला नेम आठवला. तीन काट्यांचं जमत नाही, तर खरं वजन टाकून बघायला हवं. ज्याच्यात काहीही खोट नाही अशा माणसाचं रक्त त्या दोन लॅबना द्यायचं. त्याच्या रक्तातही त्यांनी पॉझिटिव्ह काढलं, तर लॅब लबाड, आणि काका सुटले.

असा माणूस त्यांच्या नात्यात एकच होता. त्यांचा मेहुणा. इस्पितळात अँब्युलन्स चालवायचा, अंगानं रेड्यासारखा, आणि आवाज असा की अँब्युलन्सच्या आधी तोच पोचायचा. त्याला सगळे भोंगा म्हणत. चाळीस वर्षांत त्याला शिंक आलेली कुणी ऐकली नव्हती.

"भाऊजी, ताईनं तुमचं सगळं पिऊन संपवलं का?" भोंगा म्हणाला. "आता माझं रक्त लागतंय म्हणजे."

"मला त्या लॅबच्या मशीनवर शंका आहे. जास्त विचारू नकोस."

"काट्यांचं झालं, आता मशीनं. उद्या माझी अँब्युलन्स उलटी करून वजन कराल." पण त्यानं बाही वर केली. एकदा पुलापाशी, एकदा बसस्टँडपाशी. दोन्हीकडे काकांनी स्वतःसाठी सांगितलेल्याच टेस्ट सांगितल्या.

बुधवारी सकाळी त्याचे कागद मिळाले. पुलाचा: निगेटिव्ह. बसस्टँडचा: पॉझिटिव्ह. ६४०.

काकांना आधी बरं वाटलं, अगदी पाच-सहा पावलं. लॅब लबाड आहे, झालं. सातव्या पावलाला त्यांना रेझर आठवला. गेल्या उन्हाळ्यात दोघं मिळून एका नातेवाइकाकडे गेले होते, भोंगा आपला रेझर विसरला होता, आणि काकांनी स्वतःचा पुढे केला होता. "घे की, आपलं काय वेगळं आहे?" असं वर म्हणाले होते.

लॅब लबाड नव्हती. खरं वजन काकांनी स्वतःच बिघडवलं होतं. उघड्या हातानं.

ते तसेच इस्पितळाच्या मागच्या अंगणात गेले. भोंगा बोनेटवर बसून डबा खात होता. काकांनी त्याच्यासमोर पाचही कागद ठेवले, रक्तपेढीचं पत्र सगळ्यांत वर, आणि उभ्या उभ्याच रेझरपासून सगळं सांगून टाकलं. "तुझ्या बायकोला, पोरांना काय सांगू मी? सहाशे चाळीस आहे तुझं. माझ्या आठपट."

भोंग्यानं हात पुसले, आपला कागद उचलला आणि लांब धरून वाचला. "भाऊजी, हे माझं लसीचं आहे."

"काय?"

"लस. इस्पितळात नोकरी लागली तेव्हा आमच्या सगळ्यांना टोचली. तीन इंजेक्शनं. तिसऱ्याला मी बेशुद्ध पडलो होतो, म्हणून अजून चिडवतात मला. मागच्या वर्षी आमचंही मोजलं होतं, नर्सबाई म्हणाली, चांगलं आहे, भरपूर आहे."

"पॉझिटिव्ह चांगलं?"

"मला काय विचारता? मी गाडी चालवतो. चला, आपल्या बाईंना विचारू. नाहीतर तुम्ही मला घेऊन अजून चार लॅब फिराल आणि माझ्यात गाडी चालवायला रक्त उरायचं नाही."

डॉक्टरबाई वयानं काकांएवढ्याच होत्या. त्यांचा वजनाचा काटा काकांनीच दोनदा दुरुस्त केलेला, त्यामुळे ओळख होती. बाईंनी काकांचे तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, "हे तिन्ही तुम्ही एकाच गोष्टीचे रिपोर्ट समजलात?"

"नाव तर एकच आहे. हिपॅटायटिस बी."

"रोग एक. मोजलंय वेगवेगळं. हा पुलावरचा. यानं विषाणू शोधला, तो आत्ता तुमच्या अंगात सापडला नाही. हा रक्तपेढीचा. विषाणू कधीतरी खराच अंगात शिरला होता का, ते याच्यावरून कळतं. तुमच्यात शिरला होता. आणि हा बसस्टँडचा. हे तुमच्या शरीरानं त्याला हाकलल्यावर उरलेलं संरक्षण. चौऱ्याऐंशी. यात पॉझिटिव्ह असणं चांगलं."

"आणि याचं सहाशे चाळीस?"

"त्याला रोग झालाच नाही, लसीनं तेवढंच संरक्षण दिलं. त्याची कोअर केली तर निगेटिव्ह येईल."

काका कागदांकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. शेवटी ते सावकाश म्हणाले, "म्हणजे एकानं पोत्यातला माल तोलला, माल नाही. एकानं रिकामं पोतं तोललं, माल होता कधीतरी. आणि एकानं दारावरचा राखणदार तोलला. आणि मी म्हणतोय, तिघांचं वजन जमत का नाही."

"तुम्ही माझ्यापेक्षा बरं सांगता," बाई म्हणाल्या. "पण हे तीन वेगळ्या दिवशीचे, तीन वेगळ्या ठिकाणचे कागद. माझं समाधान होत नाही. एकाच नळीतून सगळं पुन्हा करू, बरोबर लिव्हरचंही. शनिवारी मिळेल. आणि बायकोला घेऊन या, तिचंही एकदा बघायला हवं."

काकांनी टेबलाला लागू नयेत म्हणून खिशात घातलेले हात तसेच ठेवले. "रविवारी बाळ येतंय घरी. मी लांब राहीनच, पण बाळाच्या आईला मी लहानपणी माझ्याच ताटात भरवलंय..."

"एका ताटात जेवून, मांडीवर घेऊन हे पसरत नाही. आणि बाळाला जन्मल्या जन्मल्या लस दिलेली असते. विचारा लेकीला."

"आणि ते सतरा जण?"

बाईंनी रक्तपेढीचं पत्र पुन्हा उचललं. "दर वेळी तुमच्या रक्तात विषाणू शोधलाच होता, सापडला नव्हता, म्हणून ते वापरलं. हे संरक्षण असताना धोका अगदी थोडा. शून्य आहे असं मी म्हणणार नाही. मागचं तपासायचं काम रक्तपेढीचं, ते करतील. तुम्ही मात्र आता द्यायचं नाही."

काकांना ते 'शून्य नाही' लागलं. पण बरंही वाटलं. जो काटा कधीच शून्याबाहेर जात नाही, त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हताच.

संध्याकाळी ते ताट, पेला, टॉवेल, चादर घेऊन घरी आले आणि बायकोला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला कावीळ झाली होती. लग्नाला वर्ष झालं होतं. महिनाभर झोपून होतात, आठवतंय?"

"पित्त झालं होतं."

"सासूबाईंनी सांगितलं होतं पित्त. तुम्हालाही, येणाऱ्याजाणाऱ्यालाही. म्हणाल्या, पोराची नुकती दुकानाची सुरुवात आहे, कावीळ म्हटलं तर कुणी दारात येणार नाही. डोळे हळदीसारखे झाले होते तुमचे. म्हणून तर आरसा काढून टाकला होता."

"आरसा फुटला होता."

"माळ्यावर आहे अजून. मला शपथ घातली होती त्यांनी. त्या गेल्या तरी शपथ काही सुटत नाही आपोआप."

काका माळ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं ते लोकांच्या काट्यांवर बोट ठेवत आले, आणि ज्या महिन्यात स्वतःचं माप चुकलं होतं तो महिना त्यांच्याच घरात चादरीत गुंडाळून ठेवलेला. राग यायला हवा होता. आई नव्हती, म्हणून कुणावर काढायचा ते कळेना. बायकोवर काढावा, तर तिनं महिनाभर त्यांचं अंथरूण बदललं होतं, आणि तेव्हा ती वीस वर्षांची होती.

"तू भ्यायली नव्हतीस?"

"भ्यायले होते की. पण तुम्ही इतके चिडचिडे होतात, भ्यायला सवड कुठली."

दुसऱ्या दिवशी बायकोनंही रक्त दिलं, पण शनिवारपर्यंत काकांना चैन पडली नाही. समजलं होतं सगळं, पण समजणं आणि कागद हातात असणं वेगळं. घरात झोपले, पण टॉवेल वेगळाच ठेवला. पाळण्याचा दोर तीनदा ओढून बघितला. शनिवारी सकाळी लॅब उघडायच्या आधी दोघं दारात उभी होती, आणि तिथून कागद घेऊन तशीच बाईंकडे. विषाणू नाही. कोअर पॉझिटिव्ह. सरफेस अँटीबॉडी नव्वद.

"चौऱ्याऐंशी होती," काका लगेच म्हणाले.

"एवढा फरक पडतोच."

"कुठल्या मशीनवर केलं?"

"काका," बाई म्हणाल्या, "लिव्हर उत्तम आहे. घरी जा. हा कागद मात्र जपून ठेवा. पुढे कधी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं द्यायची वेळ आली, तर आधी डॉक्टरला दाखवायचा. विषाणूची खूण आत कुठेतरी राहते, ती डोकं वर काढू शकते." मग बायकोचा कागद उचलला. तिच्यात काहीच नव्हतं. रोग नाही, खूण नाही, संरक्षणही नाही. तिला लस घ्यायला सांगितली.

"म्हणजे मी कोरी पाटी," बायको बाहेर पडताना म्हणाली. "आणि तीन इंजेक्शनं मलाच. पराक्रम यांचे, सुया मला."

रविवारी दुपारी लेक आली. भोंगा आपली गाडी घेऊन स्टेशनवर गेला होता, तो गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आला. लेकीनं उंबऱ्यातच बाळ पुढे केलं. "घ्या बाबा."

काका दोन पावलं मागे सरले. हात सवयीनं खिशात गेला आणि मऊ फडकं घेऊन बाहेर आला, मोठी वजनं उचलायचं.

लेक म्हणाली, "हे काय?"

"जन्मल्यावर लस दिली ना हिला?" काकांनी विचारलं.

"दिली की. पहिल्याच दिवशी. का?"

बायको मागून आली, नवऱ्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि खांद्यावर टाकलं. काकांनी तळहात सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि नात घेतली. ती ऊन होती, ओलसर होती, आणि तिनं त्यांचं बोट धरलं ते सोडेना. काका ताठ उभे, श्वास रोखून, जणू हलले तर काही सांडेल. मग हात दोनदा वरखाली झाला, अगदी थोडा.

"दोन किलो नऊशे ऐंशी," ते म्हणाले.

"परवा दवाखान्यात तीन किलो साठ भरली, बाबा."

"त्यांचा काटा कुणीतरी आपटलाय," काका म्हणाले. "ने बघू तिला आत. माझ्यावर नको विश्वास ठेवू, काट्यावर ठेवून बघू."

पण त्यांनी बाळ कुणाकडे दिलं नाही. सकाळीच दुकानातून आणलेला काटा आतल्या खोलीत लखलखत तयार होता. काका ओसरीतच येरझारा घालत राहिले, बोट तिच्या मुठीत तसंच.